विक्रोळीच्या रस्त्यांसाठी पहिली रोड बाइक

पन्नास-साठ हजारांत चांगली रोड बाइक मिळते का, हा प्रश्न विक्रोळी, भांडुप, मुलुंडकडचे नवे सायकलस्वार हल्ली सारखे विचारतात. मिळते. मात्र ती दुकानातली सगळ्यात हलकी, सगळ्यात जास्त गिअरची किंवा सगळ्यात मोठ्या नावाची असेलच असं नाही. पहिल्या सायकलीचा पैसा अंगाच्या मापाला आणि आपल्या रस्त्याला जागला पाहिजे. आपला रस्ता म्हणजे पूर्व द्रुतगती महामार्ग, लाल बहादुर शास्त्री मार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि सुट्टीच्या दिवशी फार तर ऐरोली पूल ओलांडून नवी मुंबई. युरोपातल्या गुळगुळीत डांबरासाठी बनलेली सायकल या रस्त्यांवर सुखाने चालेल असं गृहीत धरून बरेच जण खरेदी करतात आणि पहिल्याच पावसाळ्यात सायकल गॅलरीत उभी राहते.

आधी एक रोखठोक गोष्ट. सगळ्यांनाच रोड बाइकची गरज नसते. कन्नमवार नगरातून स्टेशन, टागोर नगरातून घाटकोपर, पार्कसाइटवरून पवई अशी रोजची चार-सहा किलोमीटरची ये-जा असेल, तर सरळ हँडलची, पुढे शॉक-अप नसलेली साधी हायब्रिड सायकल जास्त उपयोगाची. ती निम्म्या किमतीत येते, तिला कॅरिअर बसतो आणि गर्दीत तिचे ब्रेक सहज हाताशी असतात. वाकड्या हँडलची रोड बाइक घ्यावी ती लांब जाणाऱ्याने. आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे तीस-चाळीस किलोमीटर मारायचे आहेत, ठाणे किंवा पाम बीच मार्ग गाठायचा आहे, पुढे एखादी ब्रेव्हे करायची आहे, अशांसाठी ती आहे. हँडल हात ठेवायला तीन-चार जागा देतं, अंग वाऱ्याला कमी आडवं येतं आणि दोन तासांनंतर हा फरक खांद्यांना कळतो.

ब्रेव्हेचा उल्लेख मुद्दाम केला. ही शर्यत नव्हे, ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर पुरं करायचा प्रकार. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी सरासरी पंधरा किलोमीटरही लागत नाहीत. 300 ला वीस तास, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने केली, आणि महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड वाढलं. ते वाढलं हे फार चांगलं झालं. पण त्यासोबत कार्बनच्या महागड्या सायकलीशिवाय हे जमत नाही असा समजही पसरला, तो खोटा आहे. ताशी पंधराची सरासरी अॅल्युमिनियमच्या साध्या सायकलीवर आरामात निघते. तिथे माणूस थकतो तो चुकीच्या मापामुळे, कडक टायरमुळे आणि अपुऱ्या गिअरमुळे.

म्हणून सुरुवात मापापासून. दुकानात बहुतेक वेळा उंची विचारतात आणि ‘तुम्हाला मीडियम’ म्हणून मोकळे होतात. उंचीवरून अंदाज येतो, माप येत नाही. सारख्या उंचीच्या दोन माणसांचे पाय कमी-जास्त लांब असतात. घरीच अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांच्या मध्ये एक जाडसर वही सीटवर बसल्यासारखी घट्ट वर धरा आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. हे आलं पायाचं आतलं माप. समजा ते 78 सेंटिमीटर आलं. त्याला 0.66 ने गुणलं की साडेएक्कावन्नच्या आसपास आकडा येतो, तर तुम्ही 51-52 च्या फ्रेमपासून बघायला सुरुवात करायची. त्याच मापाला 0.883 ने गुणलं की सीटची उंची मिळते, म्हणजे पायडलच्या मधल्या धुऱ्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर, इथे सुमारे 69 सेंटिमीटर. हे आकडे ब्रह्मवाक्य नव्हेत, पण दुकानात पाऊल टाकण्याआधी हातात काहीतरी ठोस हवं.

फ्रेम उंचीला बसली तरी लांबीला बसेल असं नाही, आणि रोड बाइकमध्ये त्रास होतो तो लांबीचा. ब्रेकच्या मुठींवर तळवे ठेवून बसा. कोपरं किंचित वाकलेली असली पाहिजेत, खांदे कानाकडे चढता कामा नयेत, आणि मान वर करून समोरचा सिग्नल बघताना ताण यायला नको. हात ताणून सरळ झाले तर सायकल लांब आहे. हँडलला धरणारा स्टेम 100 ऐवजी 80 मिलिमीटरचा लावून दोन सेंटिमीटर परत मिळवता येतात, आणि ते काम स्वस्तात होतं. मात्र चार-पाच सेंटिमीटरचा घोळ स्टेमने निस्तरत नाही. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. बऱ्याच कंपन्या शर्यतीची आणि लांब पल्ल्याची अशा दोन वेगळ्या ठेवणीच्या फ्रेम करतात. दुसऱ्या प्रकारात हँडल जरा उंच आणि जवळ असतं. चाळिशी ओलांडलेल्यांनी, कंबर-मानेची जुनी तक्रार असलेल्यांनी आणि दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांनी दुसराच प्रकार घ्यावा. दिसायला तो थोडा कमी झोकदार असतो एवढंच.

मुलांसाठी घेताना आई-वडील वाढत्या अंगाचे कपडे घेतात तशी सायकलही घेतात. ते टाळा. मोठ्या फ्रेमवर ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत आणि महामार्गावर ही गोष्ट जिवाशी येते. बायकांनी आणि लहान तळव्याच्या पुरुषांनी ब्रेकची दांडी मुठीच्या जवळ आणता येते का हे दुकानातच करून बघावं. बहुतेक मुठींत त्यासाठी छोटा स्क्रू असतो, आणि पुष्कळ दुकानदार तो हलवून दाखवत नाहीत. आणखी एक तपासणी पहिल्या मिनिटातच करा. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असण्याची सवय आहे. बाहेरून आलेल्या काही सायकलींत तो डावीकडे असतो. अंगवळणी पडलेल्या हाताने भलताच ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जाऊ शकतो.

आता रस्ता. विक्रोळीत सायकलसाठी वेगळी वाट मिळेल असं धरून चालू नका. पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक व्हायचा होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला, आणि तलावाचा विचार करता ते योग्यच झालं. तेव्हा आपण चालणार ते गाड्यांबरोबर. लाल बहादुर शास्त्री मार्गावर मेट्रो 4 चं आणि लिंक रोडवर मेट्रो 6 चं काम, त्यामुळे पडलेले पॅच, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली फट, उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे, रस्त्याच्या दिशेतच गज असलेल्या गटाराच्या जाळ्या, पेव्हर ब्लॉकच्या कडा. 23 मिलिमीटरचं बारीक टायर या फटींत अडकतं. पूर्वी रोड बाइक म्हणजे 23 आणि 110-120 पीएसआय हवा असं समीकरण होतं, ते आता शर्यतीतल्या सायकलस्वारांनीही सोडलंय. आपल्यासाठी किमान 28, शक्य असेल तर 32 मिलिमीटर. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाने 28 मध्ये 75 ते 80 आणि 32 मध्ये 55 ते 65 पीएसआय हवा भरली तर चाक खड्ड्यावर उड्या मारत नाही, तळव्यांना मुंग्या येत नाहीत आणि वेगही कमी होत नाही, कारण खडबडीत रस्त्यावर कडक टायरची बरीच ताकद उडण्यातच जाते. टायरच्या बाजूला छापलेली कमाल आणि किमान मर्यादा मात्र पाळायची.

म्हणूनच दुकानात ‘टायर कोणतं आहे’ यापेक्षा ‘फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद बसतं’ हे विचारा. टायर बदलता येतं, फ्रेम बदलता येत नाही. इथेच ब्रेकचा प्रश्न येऊन मिळतो. रिमवर दाबणारे साधे कॅलिपर ब्रेक हलके, स्वस्त आणि कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होणारे आहेत, पण बहुतेक कॅलिपरमध्ये 25 किंवा 28 च्या पुढे टायर बसत नाही. शिवाय जुलैत रिम ओली असते, पहिल्या एक-दोन फेऱ्यांत रबर नुसतं पाणी पुसतं, आणि चिखलातली रेती रिम खात राहते. डिस्क ब्रेकला चाकाची रिम ओली आहे की कोरडी याचं देणं-घेणं नाही, आणि फ्रेममध्ये 32 ला मोकळी जागा राहते. वर्षभर चालवणाऱ्या विक्रोळीकराने केबलवर चालणारे मेकॅनिकल डिस्क घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. हायड्रॉलिक त्याहून चांगले, पण ते या किमतीत सहसा येत नाहीत आणि त्यातलं तेल बदलणारा हात प्रत्येक गल्लीत नसतो. ज्याला फक्त ऑक्टोबर ते मे चालवायची आहे त्याने चांगल्या कॅलिपरची सायकल घेऊन चार-पाच हजार वाचवले तरी हरकत नाही.

गिअरबद्दल दुकानात सगळ्यात जास्त बोललं जातं आणि कामाचं त्यातलं थोडंच असतं. ‘एकवीस गिअर’, ‘चोवीस गिअर’ हे आकडे विसरा. पुढच्या चक्रांना मागच्या चक्रांनी गुणून आलेली ती संख्या आहे, त्यातले निम्मे गिअर एकमेकांची नक्कल असतात. बघायचे ते दात. रोड बाइकच्या पुढच्या जोडीला बहुधा 50 आणि 34 दात असतात. मागच्या कॅसेटचं सगळ्यात मोठं चक्र किती दातांचं, हा खरा प्रश्न. तिथे 28 असेल तर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीला सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारायच्या तर ताशी नऊ किलोमीटरचा वेग राखावा लागतो. तेच चक्र 34 दातांचं असेल तर साडेसात किलोमीटर वेगावर पाय तसेच फिरत राहतात. सपाटीवर हा फरक कळतही नाही. येऊरच्या चढावर, राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीकडे जाताना आणि सगळ्यात जास्त बोरघाटात तो कळतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्यामुळे सायकलने पुण्याला जाणारा जुन्या महामार्गाने जातो, आणि खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत जवळपास 500 मीटर उंची चढतो. 1945 पासून नाव कमावलेल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत याच टप्प्यासाठी ‘घाटाचा राजा’ हा वेगळा मान असतो. राजा व्हायचं नसलं तरी घाट गुडघे शाबूत ठेवून चढला पाहिजे. तेव्हा मागे 32 किंवा 34. दुकानातल्या सायकलीला 28 असेल तर तिच्या मागच्या डिरेल्युरला, म्हणजे चेन चक्रांवर सरकवणाऱ्या भागाला, किती दातांपर्यंत चालतं ते विचारा आणि खरेदीच्या वेळीच कॅसेट बदलून घ्या, तेव्हा दुकानदार जुनी वळती करून घेण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या टोकाची चिंता करायचीच नाही. 50 दातांना मागे 11 जोडले आणि मिनिटाला नव्वद फेऱ्या मारल्या तर वेग पन्नासच्या वर जातो. एवढ्या वेगाने महामार्गावर सायकल हाकायची वेळ येऊ नये.

गिअरच्या संचांची शिमानोची उतरंड पाठ करून ठेवली की जाहिरात वाचता येते. खालून वर टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टिआग्रा, 105. मागे अनुक्रमे सात, आठ, नऊ, दहा आणि अकरा किंवा बारा चक्रं. खालच्या संचांची जागा घ्यायला शिमानोने क्यूज नावाचं नवं कुटुंब आणलंय, त्यामुळे नव्या सायकलींवर ते नाव दिसलं तर बिचकू नका. पहिल्या सायकलीला क्लॅरिस पुरतो, सोरा मिळाला तर उत्तम. टूर्नीबद्दल मात्र सावध करायला हवं. त्याच्या वाकड्या हँडलच्या जुन्या मुठीत एका दिशेने गिअर अंगठ्याच्या बटणाने बदलतो, आणि हँडलच्या खालच्या भागात हात असताना ते बटण हाताला लागत नाही. क्लॅरिसमध्ये ब्रेकच्या दांडीमागे दुसरी छोटी दांडी असते, कुठूनही बोट पोचतं. रहदारीत हे महत्त्वाचं.

सात चक्रांच्या स्वस्त सायकलींत आणखी एक गोष्ट लपलेली असते, आणि ती कुठल्याही पोस्टरवर लिहिलेली नसते. मागच्या चाकाला कॅसेट आहे की फ्रीव्हील? फ्रीव्हील म्हणजे हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला आख्खा गठ्ठा. त्यात उजवीकडचे छर्रे धुऱ्याच्या टोकापासून बरेच आत बसतात, टोकाकडचा धुरा आधाराविना राहतो, आणि वजनदार माणूस दोन-चार खड्ड्यांत जोरात आपटला की तो वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे टोकाजवळ असतात, म्हणून तो टिकतो. शिवाय फ्रीव्हीलवर पुढेमागे आठ-नऊ चक्रांचा चांगला संच चढवायचा म्हटलं की नवं चाकच लागतं. पंचाहत्तर किलोंच्या वर वजन असलेल्याने फ्रीव्हीलची रोड बाइक घेऊ नये.

फ्रेम अॅल्युमिनियमची घ्या आणि पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, कार्बनचा मिळाला तर घ्या. तो हाताला येणारे हादरे कमी करतो. स्टीलची चांगली फ्रेमही आरामशीर असते, पण ठाणे खाडीचं खारं वारं आणि चार महिन्यांची ओल लक्षात घेता आतून गंजरोधक फवारा मारल्याशिवाय तिचं आयुष्य कमी होतं. पूर्ण कार्बन या बजेटमध्ये नकोच. त्या किमतीला कार्बन देणाऱ्याने बाकी सगळीकडे काटकसर केलेली असते.

वजनाचा बाऊ फार होतो. सत्तर किलोचा माणूस, अकरा किलोची सायकल, पाणी आणि सामान दोन किलो, एकूण 83. सायकल दीड किलोने हलकी झाली तर एकूण वजनात दोन टक्केही फरक पडत नाही. आपल्याकडे वजन जाणवतं ते जिन्यात. म्हाडाच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सायकल रोज खांद्यावर न्यायची असेल तर बारा-साडेबाराच्या वर जाऊ नका. खाली पॅसेजमध्ये साखळी लावून ठेवायचा विचार असेल तर पन्नास हजारांची सायकल घेऊच नका. घरात भिंतीला हूक ठोकून उभी टांगली, पुढचं चाक काढून ठेवलं, तर ती दारामागच्या जागेत मावते. खरेदीआधी घरातली ती जागा मोजून ठेवा.

किमतींचं चित्र साधारण असं आहे. पंचवीस ते चाळीस हजारांत सात चक्रांच्या, टूर्नी किंवा मायक्रोशिफ्टच्या सायकली येतात. पन्नास ते ऐंशी हजारांत क्लॅरिस आणि सोरा, डिस्क ब्रेक, बऱ्याचदा कार्बनचा फोर्क. लाखाच्या पुढे टिआग्रा, 105, हायड्रॉलिक. पैशाचं मोल सगळ्यात चांगलं मिळतं ते मधल्या पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात. डेकॅथलॉनच्या ट्रायबॅन आणि व्हॅन रायसेल, 2015 पासून लुधियानाच्या हीरो सायकल्सकडे असलेली फायरफॉक्स, टीआय सायकल्सची मॉन्ट्रा, इंडोनेशियाची पॉलिगॉन, तैवानच्या जायंट आणि मेरिडा, अमेरिकेची ट्रेक, स्वित्झर्लंडची स्कॉट, अशी नावं तुमच्यासमोर येतील. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दरवर्षी सुटे भाग बदलतात, म्हणून नावावर न जाता त्या वर्षीच्या तपशिलाचा कागद वाचा. गेल्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर बिनधास्त घ्या, फक्त टायर बोटाने दाबून कोरडी भेग पडली आहे का ते बघा. सायकलींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून बारावरून पाच टक्क्यांवर आलाय, तेव्हा बिलात पाचच लागलेला असावा.

हाताशी साठ हजार असतील तर सायकल पन्नासची बघा. उरलेले दहा हजार चैनीचे नाहीत. हेल्मेट, मागचा लाल आणि पुढचा पांढरा दिवा, कुलूप, दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, मीटर असलेला उभा पंप, छोटा हातपंप, बाटली आणि मडगार्ड, यात ते जातात. बऱ्याच रोड बाइक पायडलशिवायही विकल्या जातात, तेही विचारून घ्या. बारीक, लांब, वर स्क्रू असलेला प्रेस्टा वाल्व असेल तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला लागत नाही. पितळेचं छोटं अॅडॉप्टर मिळतं, अगदी स्वस्त. ते घेऊन सीटखालच्या पिशवीत टाका, नाहीतर ऐरोलीच्या पुलापलीकडे हवा गेल्यावर पंक्चरवाला समोर असूनही चालत यावं लागेल. मडगार्ड आणि कॅरिअर लावायला फ्रेमवर भोकं आहेत का हेही खरेदीआधीच बघायचं, कारण ती नंतर पाडता येत नाहीत.

वापरलेली सायकल घेण्याचा मार्ग खूप चांगला आहे. टाळेबंदीच्या काळात हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली अजून धूळ खात आहेत. मात्र मूळ बिल मागा आणि पायडलच्या धुऱ्याखाली कोरलेला फ्रेम क्रमांक बिलाशी ताडून बघा. चोरीची सायकल कितीही स्वस्त असली तरी घ्यायची नाही. फ्रेमचे सांधे, विशेषतः हँडलच्या खालचा आणि मधल्या धुऱ्याभोवतीचा भाग, ओल्या फडक्याने पुसून उजेडात बघा, रंगातली केसासारखी रेघ तडा असू शकते. पट्टीने चेनच्या बारा पूर्ण कड्या मोजा. नव्या चेनमध्ये त्या बरोबर बारा इंच भरतात. एक अष्टमांश इंच जास्त भरल्या तर चेनबरोबर कॅसेटचाही खर्च धरा आणि तेवढी किंमत कमी करून मागा. चाक उचलून फिरवा, आउट आहे का, छर्रे खरखरतात का ऐका.

नवी सायकल खोक्यातून मागवायची की दुकानातून घ्यायची, यावर मी दुकानाच्या बाजूचा आहे. खोक्यात हँडल, पुढचं चाक, सीट आणि ब्रेक तुम्हालाच जोडायचे असतात. ज्याला हे काम येत नाही त्याने ते पहिल्यांदा स्वतःच्या जिवावर करून बघू नये. घाटकोपर, मुलुंड किंवा ठाण्यातलं, जिथे तुम्ही पुन्हा सायकल चालवत जाऊ शकता असं दुकान गाठा. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर केबल सैल पडतात, गिअर अडखळायला लागतात, आणि ती पहिली सर्व्हिसिंग बहुतेक दुकानं फुकट करून देतात. दुकान लांब असलं की ती राहून जाते. तिथला कारागीर कोण आहे, त्याच्या हाताखाली डिस्क ब्रेकच्या सायकली येतात का, हे विक्रेत्याशी बोलण्याइतकंच महत्त्वाचं आहे. टेस्ट राइड मॉलच्या पार्किंगमध्ये नको, रस्त्यावर मागा. एक स्पीड ब्रेकर, थोडा चढ, एकदा जोरात ब्रेक, सगळे गिअर वर-खाली. वीस मिनिटं चालवू द्यायला जो नकार देतो त्याच्याकडून पन्नास हजारांची वस्तू घेऊ नये.

घरी आणल्यावर काळजी फार लागत नाही, पण पावसाळ्यात ती नेमाने लागते. भिजून आल्यावर साध्या पाण्याने धुवा, चेन फडक्याने कोरडी करा, कड्यांवर थेंब-थेंब चेनचं तेल सोडा आणि जास्तीचं पुसून टाका. जुनं इंजिन ऑइल किंवा खोबरेल लावू नका, त्यावर रेती चिकटते. गणपती झाले की हबचं आणि हँडलच्या बेअरिंगचं ग्रीसिंग करून घ्या. डिस्कवर तेलाचा हात लागू देऊ नका, ब्रेक निकामी होतो.

चालवायची कुठे, याबद्दल थोडं. सुरुवातीचे काही आठवडे उजाडल्यावरच निघा, अंधारात नको. महामार्गावर उड्डाणपुलाच्या तोंडाशी डावीकडून सर्व्हिस रोडची गाडी येऊन मिळते ती जागा सगळ्यात धोक्याची, तिथे मागे वळून बघितल्याशिवाय ओळ बदलू नका. जून 2025 मध्ये सुरू झालेल्या विक्रोळीच्या नव्या रेल्वे पुलामुळे पूर्व-पश्चिम जायला आता घाटकोपर किंवा कांजूरचा वळसा पडत नाही, पण तो अरुंद आहे असं समजूनच सावकाश चढा. पूर्व मुक्त मार्ग, सागरी सेतू आणि अटल सेतूवर सायकलला परवानगी नाही, दक्षिण मुंबईला जायचं तर शीव, दादरवरूनच.

माझा निवाडा असा. अॅल्युमिनियमची फ्रेम, लांब पल्ल्याची ठेवण, 32 मिलिमीटर टायरला जागा, मेकॅनिकल डिस्क, क्लॅरिस किंवा त्याच्या बरोबरीचा संच, पुढे 50-34 आणि मागे कॅसेटवर किमान 32 दात. हे सगळं ज्या सायकलीत तुमच्या मापात मिळेल ती घ्या, मग तिचा रंग आणि तिच्यावरचं नाव काहीही असो. एखाद्या गोष्टीत तडजोड करावीच लागली तर संचात करा, मापात आणि ब्रेकमध्ये करू नका. आणि हेल्मेट त्याच दिवशी, त्याच बिलावर घ्या, दुकानातून घरी येताना ते डोक्यावर असू द्या.